बोलता येईल इतकंच

धुकं असलं की त्या जलाशयावर होडी दिसायचीच नाही. दिसायच्या त्या फक्त दोन बहिणी, कमरेपासून वर, पाण्यावर बैठक मारून बसल्यासारख्या, आणि बसल्या बसल्याच पुढे सरकत निघालेल्या. पुढे धाकटी, मागे ताई. वल्ह्याची पाती पाण्यात जायची, बाहेर यायची, आणि थेंब पडल्याचा आवाज तेवढा काठापर्यंत पोचायचा. पंपघराचा रखवालदार वर्षानुवर्षं हे बघत आला होता, तरी रोज झाडू हातात धरून थोडा वेळ उभा राहायचाच.

होडी म्हणजे दोघींची शर्यतीची कयाक. लांबलचक, आणि रुंदीला इतकी कंजूष की बसणारीची कंबर जेमतेम मावावी. चालत असली की शहाणी, थांबली की डुगडुगणार. पुढे बसणारी ताल धरते आणि पायातल्या दांडीनं दिशा देते. मागचीनं तो ताल मुकाट उचलायचा. मागचीला सगळा वेळ पुढचीची पाठ दिसते. पुढचीला मागचीचं नखसुद्धा दिसत नाही, नुसतं ऐकू येतं.

धाकटीला वल्हं धरायला ताईनंच शिकवलं होतं. पण पुढे बसायची धाकटी, कारण जोर तिच्या अंगात. सुरुवातीचा भोंगा वाजला की ती अशी काही सुटायची की शेजारच्या होड्या हबकून जायच्या. ताईचं नेमकं उलटं. तापायलाच वेळ लावायची, पण एकदा तापली की संध्याकाळपर्यंत वल्हवत ठेवा, कपाळावर आठी नाही. ‘एक फटाका आणि एक शेगडी,’ असं त्यांचे सर म्हणायचे. दोघींना एका होडीत बसवायची कल्पनाही त्यांचीच.

सरांना अख्खा क्लब पाठीमागे कासव म्हणायचा, कारण हिवाळा आला की त्यांचं एकच पालुपद सुरू व्हायचं. हळू. अजून हळू. नव्या मुली कुरकुरायच्या की शर्यत जिंकायला आलोय का पाणी मोजायला? मग सर आपली टोपी मागे सरकवून धक्क्यावरच बसकण मारायचे.

“पोरींनो, चारेक मिनिटांची शर्यत आहे. पहिले काही क्षण शरीर हवेची वाट बघतच नाही. हाताशी असेल ते भसकन पेटवतं. तो पाचोळ्याचा जाळ. दिसायला झकास! पण मग दंड शिशासारखे होतात, आणि वल्हं उचलवत नाही. तिथून पुढे जे चालतं ते सगळं श्वासावर. तो ओंडक्याचा विस्तव. आणि ओंडका वाळवायचा हिवाळ्यातच, सावकाश. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात माझ्याकडे रडत आलात तर मी काही करू शकणार नाही.”

“पण हळू म्हणजे किती हळू, सर?”

“बोलता येईल इतकंच. पूर्ण वाक्य, मध्ये धाप न लागता. वाक्य तुटलं की समजायचं, वेग जास्त झाला.”

छातीला बांधायचे पट्टे, मनगटावरची घड्याळं हे सगळं क्लबाकडे होतं, पण पट्टे निसटायचे, घड्याळांत पाणी शिरायचं, आणि सरांचा विश्वास माणसाच्या तोंडावरच जास्त. त्यामुळे हिवाळाभर त्या जलाशयावर नुसत्या गप्पा चालायच्या. कुणाचं कुणाशी जमलं, कुणाचं फिस्कटलं, कुणाच्या सासूनं काय ऐकवलं, सगळं पाण्यावरून वाहत असायचं. त्या क्लबात वसंतापर्यंत कुणाचंही गुपित टिकल्याचं ऐकिवात नाही. ‘जुळ्या’ म्हणून एक जोडी होती, सख्ख्या सोडा, लांबच्याही बहिणी नव्हत्या, पण दिसायच्या सारख्या. त्यांनी एका हिवाळ्यात टीव्हीवरची एक आख्खी मालिका एकमेकींना पहिल्या भागापासून सांगून संपवली होती.

आणि ह्या दोघी? ह्या तर बोलण्यात सगळ्यांच्या वरचढ. ताई चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायची. दिवसभर यंत्रावर काच धरायची, कड गोल करायची, चौकटीत बसवायची. गिऱ्हाईक आरशासमोर काय काय बोलतं ते पडद्याआडून तिला ऐकू यायचं, आणि सकाळी पाण्यावर ते सगळं नकलांसकट धाकटीला मिळायचं. धाकटी हसता हसता ताल चुकवायची. लहानपणापासून ह्या दोघींचं जे काही बोलणं झालं ते पाण्यावरच. पहिलं प्रेम, पहिला अपमान, बाबांचं आजारपण, सगळं. घरात नुसतं मीठ दे, दिवा घालव.

मग त्या हिवाळ्याच्या तोंडावर ते झालं.

धाकटी एका संध्याकाळी घरी आली. दारात बूट काढत होती, आणि स्वयंपाकघरातून आईचा दबका आवाज आला, “तिला तूच सांग बाई. मला नाही जमायचं.”

“सांगते,” ताई म्हणाली. “निवडीची शर्यत झाली की जायचंय. कामावर घेणाऱ्यांनी तोवर थांबायचं कबूल केलंय. पाण्यावर सांगते तिला.”

“इतक्या लांब...” आई म्हणाली, आणि पुढचं नळाच्या आवाजात गेलं.

 धाकटीनं काढलेले बूट पुन्हा पायात घातले, कोपऱ्यापर्यंत चालत गेली, आणि परत येऊन दार मुद्दाम दाणकन लावलं. आता तुम्ही म्हणाल, ऐकलंच होतं तर सरळ विचारायचं होतं. अहो, पण तसं विचारणारी ती नव्हती. तिच्या डोक्यात वेगळंच बसलं. ताईनं जोवर तोंडानं सांगितलं नाही, तोवर ते झालेलं नाही. सांगितलं की झालं. मग ताईला सांगूच दिलं नाही तर?

दुसऱ्या दिवशी धुकं दाट होतं. वळणापलीकडे गेल्यावर क्लब दिसेनासा झाला, सरांची मोटरबोट लहान मुलांच्या मागे फुरफुरत दुसरीकडे गेली, आणि मागून ताईचा आवाज आला, “बरं का गं, मला तुला एक...”

धाकटीनं ताल वाढवला.

फार नाही. थोडासाच. ताईचं वाक्य अर्ध्यावर तुटलं, कारण मागचीला ताल उचलावाच लागतो, आणि बोलायला उरलेला श्वास वल्ह्यात गेला. थोड्या वेळानं धाकटीनं वेग कमी केला. ताई पुन्हा म्हणाली, “अगं ऐक तरी...” वेग पुन्हा वाढला.

असा तो हिवाळा गेला. ताई दुकानातल्या गमती सांगत असली की धाकटी अगदी कासवसरांच्या मनासारखं वल्हवायची. पण ताईचा आवाज धाकटीला पाठ होता. गमतीचा आवाज वेगळा, आणि जपून बोलायला लागली की वेगळा. तो जपून बोलायचा आवाज आला की धाकटीच्या दंडांत आपोआप जोर यायचा. मग आजूबाजूचं सगळं मागे पडायचं. काठ नाही, आभाळ नाही, फक्त राखाडी पाणी, आणि त्यातून सरकत जाणारं होडीचं टोक. छातीत धडधडायचं आणि डोकं मात्र रिकामं, हलकं व्हायचं. त्या धुक्यात तिला कधी वाटायचं की ती सहा वर्षांची आहे, ताईच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये बसली आहे, आणि मागून ताईचे हात तिच्या हातांवर आहेत. कधी वाटायचं हे पाणी संपतच नाही, दोघी अशाच जात राहणार, शर्यत नाही, निवड नाही, कुठलं लांबचं गाव नाही. असं वाटलं की ती आणखी जोरात मारायची. तिला त्यातच बरं वाटायचं.

धक्क्यावर सर विचारायचे, “बोललात?”

“भरपूर,” धाकटी म्हणायची.

ताई होडी खांद्यावर घ्यायची.

हिवाळा सरता सरता चाचणी आली. जिममागच्या खोलीत, रबराच्या आणि जंतुनाशकाच्या वासात, जमिनीला बोल्ट केलेलं एक यंत्र होतं. त्यावर बसून दोरीला बांधलेलं वल्हं मारायचं, तोंडावर श्वास मोजणारा मुखवटा, आणि दर टप्प्याला जोर वाढवायचा. टप्पा संपला की चाचणीवाली बाई पुढे येऊन कानाच्या पाळीला टोचायची आणि रक्ताचा थेंब घेऊन जायची. साहजिकच तिचं नाव डासबाई पडलं होतं, आणि तिला ते ठाऊकही होतं.

“आज गुणगुणत नाही आलात?” धाकटीनं मुखवट्यातून विचारलं.

“तोंड बंद, हात चालू,” डासबाई म्हणाली.

जोर वाढत गेला. धाकटी मारत राहिली, घाम गळत राहिला. सुरुवातीला सोपं होतं. मग कधीतरी, तिच्या मते फारच लवकर, दंडांत ती ओळखीची जळजळ सुरू झाली. तिनं दात आवळले. तिच्यानंतर ताई बसली. शेवटी डासबाईनं सरांना पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. पानगळीच्या दिवसांतली एक, आणि आजची एक.

“स्फोट जबरदस्त वाढलाय हिचा,” ती म्हणाली. “मिनिटभराची शर्यत असती तर हिला कुणी हात लावला नसता. पण श्वासावरचं बघा. हिवाळ्याआधी होतं त्याच्याही मागे आलंय. आणि मोठीचंही घसरलंय थोडं. मला वाटलं यंत्रच बिघडलं, म्हणून परत लावून बघितलं.”

सर त्या रेघांकडे बघत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं, पण ते ओरडणाऱ्यातले नव्हते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“तुम्ही बोलत नव्हता,” ते म्हणाले.

धाकटी कानावरचा कापूस दाबत राहिली.

“भांडलात का?”

“नाही सर,” ताई म्हणाली.

“मग काय, शर्यत लावत होतात रोज? कुणाशी? बदकांशी?” सर उठले. “आता हळू जायला वेळ नाही. उद्यापासून वेगाचा सराव धरायलाच हवा. जे आहे त्यावर मारा. सुरुवात तुमचीच असेल. पुढचं मला माहीत नाही.”

 दोनदा ह्या दोघींची निवड थोडक्यात हुकली होती. दोनच होड्या मोठ्या स्पर्धेला जायच्या, आणि दोन्ही वेळा ह्या तिसऱ्या. ह्या वर्षी जमणार असं सगळेच म्हणत होते. आणि ताईचं हे शेवटचं वर्ष आहे हे धाकटीला माहीत होतं, आणि तिला माहीत असल्याचं कुणाला माहीत नव्हतं. ताईला होडीत धरून ठेवायला म्हणून जे केलं, त्यानं ताईची शेवटची संधीच पाण्यात घातली. हे तिला त्या रबराच्या वासात, कानाला कापूस लावून बसलेली असताना, लख्ख कळलं. तिला भडभडून आलं, पण डासबाईला वाटलं टोचल्याचं दुखतंय.

पुढचे दिवस नुसते वेगाचे. छोटे छोटे तुकडे, जीव तोडून मारायचे, मध्ये धापा टाकायच्या, पुन्हा मारायचे. त्यात कोण काय बोलणार? आता धाकटीला बोलायचं होतं, निदान माफी मागायची होती, तर श्वास नव्हता. घरी यायच्या आणि जेवता जेवता डुलक्या घ्यायच्या.

शर्यतीच्या दिवशी ऊन पडलं होतं आणि पाणी अगदी सपाट होतं. भोंगा वाजला. धाकटी सुटली, आणि काय सुटली! डावी-उजवीकडे कुणी राहिलंच नाही. काठावरचा गलका ऐकू येत होता, पण लांबून, कुणी दुसऱ्याच खोलीत बोलत असल्यासारखा. अर्धं अंतर गेलं तरी पुढे कुणी नव्हतं. एक क्षण धाकटीला वाटलं, रेघा गेल्या खड्ड्यात, आपण जिंकलो.

मग दंड भरले. आधी खांद्यापाशी, मग कोपरापर्यंत. पातं पाण्यात जायचं आणि बाहेर यायलाच तयार नसायचं. अशा वेळी दरवर्षी ती एकच करायची, मागचा ताईचा श्वास ऐकायची. सावकाश, खोल, कशानंच न बिघडणारा. त्यावर ती उरलेलं अंतर काढायची. आज तिनं कान दिला, आणि मागून आला तो तुटका, घरघरता आवाज, जो ताईचा नव्हताच. शेगडीसुद्धा विझली होती. आणि विझवली कुणी?

आधी एक होडी गेली. मग शेवटच्या खुणेच्या जरा अलीकडे जुळ्या शेजारी आल्या, एका तालात, शांत चेहऱ्यानं, आणि टोकभर पुढे गेल्या.

तिसऱ्या. पुन्हा तिसऱ्या.

धक्क्यावर दोघी आडव्या पडल्या.  सरांनी दोघींवर टॉवेल टाकले, गरम चहाचे पेले बाजूला ठेवले, आणि ताईच्या डोक्यावर एकदा थोपटून ते जुळ्यांचं अभिनंदन करायला गेले. त्यांना जावंच लागणार होतं.

दुपार कलली. होड्या गाड्यांवर चढल्या, माणसं पांगली. धाकटी बोटघराच्या पायरीवर बसून होती. ताई कपडे बदलून आली आणि म्हणाली, “चल, आई वाट बघत असेल.”

“ताई, एकदा पाण्यावर जाऊ या?”

“आता? हात उचलत नाहीयेत माझे.”

“हळू जाऊ.”

ताईनं तिच्याकडे बघितलं, आणि परत आत जाऊन ओले कपडे चढवून आली.

उन्हं तिरपी झाली होती आणि पाण्यावर कुणी नव्हतं. धाकटीनं इतका हळू ताल धरला की पात्यावरून पडणारे थेंब मोजता आले असते. वळण आलं, गेलं. काठावरची झाडं एकेक करून पाण्यात उलटी दिसत होती आणि होडी त्यांच्या शेंड्यांवरून चालली होती. वारा नव्हता. ताईचा श्वास आता पहिल्यासारखा येत होता.

“मी मुद्दाम जोरात मारायचे,” धाकटी एकदम म्हणाली. “तू बोलू नयेस म्हणून. मी स्वयंपाकघरातलं ऐकलं होतं. मला सगळं माहीत होतं, ताई. मी तुझं वाटोळं केलं.”



“मला कळत होतं,” ताई म्हणाली. “मागे बसून दुसरं दिसतं काय मला? तुझी पाठ. मी तोंड उघडलं की तुझे खांदे वर जायचे.”

“मग थांबवलं का नाहीस? तू मागून नुसतं हलकं मारलं असतंस तरी होडी थांबली असती.”

“हो, असती ना.” ताई म्हणाली. “मारलं का मी हलकं? उलट तुझ्याहून जोरात मारत होते. तू वेग वाढवलास की मला हायसं वाटायचं, आज सुटलो म्हणून. माझ्याच तोंडातून निघत नव्हतं गं. वाटोळं केलं असेल तर दोघींनी मिळून केलंय, तू एकटी कशाला फुशारकी मारतेस?”

धाकटीला हसू आलं.

“आता सांग,” ती म्हणाली.

“तुला माहीत आहे की.”

“तुझ्या तोंडून सांग. मला ऐकायचंय.”

मग ताईनं सांगितलं. काचा बनवायचा मोठा कारखाना आहे, तिथं तिच्या हाताखाली पाच-सहा जणी असणार. नुसत्या कडा घासायच्या नाहीत, काच मुळापासून घडवायची. खोली मिळणार आहे, खिडकी पूर्वेला. डोंगर आहेत, थंडी आहे. किती वर्षं पडद्याआडून लोकांचं ऐकत बसायचं? आपलंही काही असावं असं वाटलं. धाकटी वल्हवत होती, ऐकत होती, आणि मध्ये मध्ये प्रश्न विचारत होती. खोलीला कपाट आहे का? सोबत कोण? पगार बरा आहे ना? विचारताना तिची वाक्यं कुठंही तुटत नव्हती, आणि तिला ह्याचंच नवल वाटत होतं.

“आणि पाणी? तिथं पाणी असेलच कुठं तरी. क्लब असेल.”

“नाही गं,” ताई म्हणाली. “पाणी नाही तिथं. एक ओढा आहे म्हणे, तोही उन्हाळ्यात आटतो.”

“मग तू वल्हवणार कुठं?”

“नाही वल्हवणार.”

हे ताई अगदी साध्या आवाजात म्हणाली, पण शेवटचा शब्द कुठंतरी हलला. तो आवाज धाकटीला ओळखीचा नव्हता. इतक्या वर्षांत तिनं ताईचे सगळे आवाज ऐकले होते, चेहरा मात्र पाण्यावर एकदाही पाहिला नव्हता. आणि त्या क्षणी तिला तो बघायचाच होता. ती वळली. सरळ मागे वळली, खांदा, मान, सगळं. पहिल्या दिवशीची पोरगीसुद्धा करणार नाही अशी चूक.

होडीनं अर्थातच दोघींना पाण्यात टाकलं.

पाणी गार होतं. दोघी नाकातोंडातून पाणी काढत वर आल्या आणि उपड्या होडीला दोन बाजूंनी लटकल्या. मध्ये होडीचं ओलं, चकचकीत पोट, आणि त्यापलीकडे ताईचा चेहरा, केस चिकटलेले, डोळे लाल. ती रडत होती. किती वेळ रडत होती कुणास ठाऊक.

“शहाणे!” ताई ओरडली. “मागे वळतात का कधी?”

“जाऊ नकोस ना,” धाकटी म्हणाली.

“जाणार आहे मी.”

“मला माहीत आहे. पण एकदा म्हणून घेते. जाऊ नकोस, ताई.”

ताईनं होडीवरून हात पुढे केला, धाकटीनं तो धरला, आणि दोघी तशाच तरंगत राहिल्या. वल्ही थोड्या अंतरावर आपल्या आपण वाहत चालली होती, त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही. ऊन होडीच्या पोटावरून घसरून पाण्यात उतरलं. मग कधीतरी धाकटीचे दात वाजायला लागले, तेव्हा ताई म्हणाली, “चल, पाय मार,” आणि दोघी उपडी होडी मध्ये धरून, एकमेकींकडे तोंड करून, काठाकडे निघाल्या. काठ लांब होता. ताई त्या खोलीच्या खिडकीतून काय दिसतं ते सांगत होती, आणि धाकटी तिच्या तोंडाकडे बघत ऐकत होती.